उसाच्या तळावरचा शैक्षणिक आराखडा

समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाच्या कामात मी तालुका पातळीवर विशेष शिक्षिका आहे. ज्या दिव्यांग मुलांना रोज शाळेत येणे शक्य नसते, त्यांच्यासाठी गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. मुलाचे नाव शाळेच्या पटावर असते, पुस्तके शाळेतून मिळतात आणि विशेष शिक्षक ठरावीक दिवशी घरी जातो. बाहेरच्यांना वाटते की आम्ही घरी जाऊन मुलाला शिकवतो. प्रत्यक्षात तासाभराच्या भेटीत मुलाला शिकवून काहीही होत नाही. आम्ही आईला शिकवतो आणि आमची पाठ वळल्यावर उरलेला सगळा आठवडा ती मुलाला शिकवते. सरकारचा पैसा माझ्या भेटीवर खर्च होतो, शिक्षण मात्र आईच्या हातून होते. हे या कामातील सर्वांना ठाऊक आहे, पण आमच्या कोणत्याही अहवालात आईच्या कामासाठी एकही रकाना नाही. ज्या मुलाविषयी मी लिहिते आहे तो तर माझ्या यादीतही नव्हता.

आमच्या तालुक्यात साखर कारखाना आहे. दिवाळीनंतर दुसऱ्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या येतात, कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात कोप्यांचे, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांचे, तळ पडतात आणि शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी आम्हाला तिथे पाठवले जाते. दुपारच्या वेळी तळावर फक्त लहान मुले आणि त्यांना सांभाळणाऱ्या थोड्या मोठ्या मुली असतात. त्या दिवशी मी नावे लिहून घेत असताना एका कोपीच्या सावलीला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा जमिनीत बसलेला दिसला. जमिनीवर नव्हे, जमिनीत, म्हणजे खड्ड्यात. माझ्याबरोबरच्या शिक्षकांना ते पाहून संताप आला. मी जवळ जाऊन पाहिले आणि मला वेगळेच काही दिसले.

तो खड्डा फार विचारपूर्वक खणलेला होता. मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात होता; हातपाय ताठ होते, बोलता येत नव्हते. अशा मुलाला सपाट जागी पाठीवर निजवले तर त्याचे अंग धनुष्यासारखे मागे ताणले जाते, मान मागे पडते आणि त्याला आढ्याशिवाय काही दिसत नाही. कंबर आणि गुडघे काटकोनात वाकवून पाऊल सपाट टेकवले की तो ताण सुटतो, मान मध्यावर येते आणि डोळे मोकळे होतात. खड्ड्याची खोली मुलाच्या मांडीच्या उंचीची होती. पाठीमागची भिंत किंचित उतरती करून तिला खताची पोती आणि वर गोधडी लावली होती. दोन गुडघ्यांच्या मध्ये लुगड्याची घट्ट गुंडाळी होती, कारण त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत होते. समोर आडवी फळी टाकून तिच्यावर त्याचे हात ठेवले होते. साहित्य वाटप शिबिरात मिळालेली खास खुर्ची गावी राहिली होती, कारण ट्रकमध्ये तिच्यासाठी जागा द्यायला मुकादम तयार नव्हता. म्हणून मुक्काम जिथे पडेल तिथे बाप पहिल्या दिवशी कोपीआधी हा खड्डा खणत असे. अनेक घरांत सरकारी खुर्चीवर कपडे वाळत घातलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे मी त्या खड्ड्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

थोड्या वेळाने आई फडावरून त्याला जेवू घालायला आली. ती त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली बसली. घास वरून भरवला तर मूल मान मागे टाकते आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. खालून भरवला तर हनुवटी छातीकडे येते आणि गिळणे सोपे होते. चमचा जिभेवर हलका दाबून तो ओठ मिटेपर्यंत ती थांबत होती. हे शिकल्याशिवाय कोणाला सुचत नाही. मी विचारले, "ताई, हे कोणी शिकवलं?" तिने कोपीत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन कागद आणले. "आमच्या तिकडच्या सरांनी लिहून दिलंय," ती म्हणाली.

तो त्या मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा होता. असे आराखडे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतील बहुतेक एकाच नमुन्यावरून नाव बदलून उतरवलेले असतात आणि त्यांत 'विद्यार्थी दैनंदिन कौशल्ये आत्मसात करील' अशी कोणालाही लागू पडणारी उद्दिष्टे असतात. तपासणाऱ्यालाही तेच आवडते, कारण त्यात विचारण्यासारखे काही नसते. हा आराखडा हाताने आणि मोठ्या अक्षरांत, आईने वाचावा म्हणून लिहिलेला होता. 'डोळे वर केले म्हणजे हो. खाली केले म्हणजे नाही. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. तोवर दुसरा प्रश्न विचारू नका, उत्तर सुचवू नका.' माझ्या मते त्या कागदावरचे सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते. अशा मुलाला अनेकदा उत्तर माहीत असते, पण ताठरलेल्या शरीरातून ते बाहेर काढायला त्याला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरा प्रश्न विचारून त्याला मतिमंद ठरवतो. प्रशिक्षित माणसेही हे करतात.

आई कागदाच्या पुढे गेली होती. दिवसभरात किती मोळ्या बांधल्या याचा हिशेब ती रात्री त्याच्याकडून करून घेत असे. आधी दहा, वीस, तीस असे म्हणत जायचे, त्याने डोळे वर केले की थांबायचे आणि मग सुटे आकडे म्हणायचे. पुढे तिने हीच रीत अक्षरांना लावली होती. आपली वर्णमाला वर्गांत बांधलेली आहे, त्यामुळे आधी ओळ विचारायची, "क-ची ओळ? च-ची? ट-ची?" आणि ओळ ठरली की तिच्यातील अक्षरे एकेक करून म्हणायची. कानामात्रा तिने सोडून दिल्या होत्या. न बोलणाऱ्या मुलांसाठी आम्हाला प्रशिक्षणात जी पद्धत तक्ते लावून शिकवतात, ती या सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने स्वतःच्या डोक्याने उभी केली होती.

मी त्याला विचारले, "दिवसभर इथे बसून तुला काय दिसतं?" आईने ओळी म्हणायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने ट आला, मग य, मग र. मला वाटले, समोर उभी असलेली टायरगाडी त्याला आवडत असावी, आणि मी तसे बोललेही. त्याने डोळे खाली केले. आईने एकेक प्रश्न विचारून अर्थ काढला: ती गाडी त्याच्या समोर आणून उभी केल्यापासून त्याला रस्ता दिसत नव्हता आणि ती तिथून हलवावी अशी त्याची मागणी होती. संध्याकाळी गाडी हलवण्यात आली.

आराखड्याच्या तळाशी त्या शिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक होता. मी त्यांना तिथूनच फोन केला. तेही अनेक वर्षे कंत्राटी नेमणुकीवर काम केलेले, वर्षातून अनेकदा मानधनाची वाट पाहिलेले. त्यांनी सांगितले की दिवाळीनंतर घराला कुलूप लागते, म्हणून पुढचे काही महिने त्यांच्या भेटी कागदावर शून्य असतात. ते रविवारी रात्री फोनवर आईशी बोलतात, पण फोनवरचे बोलणे भेट धरले जात नाही. भेट म्हणजे मुलाच्या घरातील छायाचित्र, तेही ठिकाणाच्या नोंदीसह. वरून त्यांना सांगण्यात आले होते की मूल घरी नसेल तर गृहाधारितच्या यादीतून नाव कमी करा. त्यांनी ते केले नव्हते. "एकदा नाव उतरलं की पुन्हा चढवायला वर्ष जातं, मॅडम," ते म्हणाले. इकडे मला त्याची नोंद करता येत नव्हती, कारण तो दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेच्या पटावर होता. म्हणजे तिकडे तो घरी नसलेला आणि इकडे तो मुळी नसलेलाच, आणि शिक्षण मात्र रोज चालू होते.

एवढ्यावर हा अनुभव संपला असता तर मी त्याचे कौतुक करून मोकळी झाले असते. निघताना आईने विचारले, "ही बाकीची लेकरं कार्ड घेऊन इथल्या शाळंत जात्यात. ह्याला का न्हाई जाता येत?" स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळते आणि त्यावर ती मुक्कामाच्या गावातील शाळेत बसू शकतात. मी म्हटले, "तुम्ही गृहाधारित शिक्षण निवडलंय ना?" तिला प्रश्नच कळला नाही. सरकारने आपल्या मुलाला शाळेतून सूट दिली आहे, म्हणजे त्याला शाळेत यायचे नाही असे ठरवले आहे, अशी तिची समजूत होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला. हक्क निवडण्याचा आहे. प्रत्यक्षात पर्यायाच्या रकान्यात आधीच खूण केलेला अर्ज आईसमोर येतो आणि ती दाखवलेल्या जागी सही करते. असे अर्ज आमच्याकडेही येतात.

दुसऱ्याच दिवशी मी गावातील शाळेत गेले. उतरता मार्ग, म्हणजे रॅम्प, होता. शाळांना तो बांधावाच लागतो. नियमाप्रमाणे एक फूट चढासाठी बारा फूट लांबी हवी, इथे जेमतेम पाच फूट असेल, आणि वरच्या टोकाला कायम बंद असलेले दार होते. मुख्याध्यापक सज्जन होते. दोन शिक्षक आणि चार इयत्ता, त्यात हंगामापुरती वाढलेली मुले, त्यामुळे ते थकलेले होते. "मॅडम, तो गृहाधारित आहे ना? मग लेकराला इथे आणून त्रास कशाला द्यायचा?" ते मनापासून म्हणाले. या क्षेत्रात कठोर माणसांपेक्षा दयाळू माणसांशी वाद घालणे मला नेहमी अवघड गेले आहे.

त्या रात्री मी त्या शिक्षकांशी पुन्हा बोलले आणि आमचे मतभेद झाले. त्यांचे म्हणणे असे की शाळेत त्याला सतरंजीवर आडवे टाकतील आणि दहापर्यंत मोजायला कोणी थांबणार नाही. आईजवळ तो माणूस म्हणून वाढतो आहे. माझे म्हणणे असे की त्यांचा आराखडा इतका चांगला आहे म्हणूनच गेली तीन वर्षे त्याला शाळेत का आणले नाही, असे कोणी विचारलेले नाही. घरचे शिक्षण जितके उत्तम चालते तितकी शाळा निश्चिंत होते. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ठरले आहे; ते प्रत्येक शाळेत येईल तेव्हा आमच्या दोघांच्या वादाला काही अर्थ उरणार नाही. तोवर त्यांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही आणि माझे त्यांना.

शेवटी आईला विचारले. या मुलाच्या बाबतीत असे विचारणे बहुधा प्रथमच घडत होते. ती म्हणाली, "दोन दिस शाळंत, बाकी माझ्याजवळ." तसे ठरले. शाळेत खड्डा खणता येत नव्हता, म्हणून वर्गाच्या कोपऱ्यात दोन भिंतींच्या बेचक्यात पोती भरून बैठक केली. कोपऱ्यामुळे खांदे पुढे येतात आणि मान सावरते. तळावरचीच तिसरीतील एक मुलगी त्याच्याशेजारी बसू लागली आणि ओळी म्हणण्याची रीत तिने आईकडून उचलली. वर्गशिक्षक कधी थांबत, कधी थांबत नसत. ती मुलगी मात्र बोटांवर दहा मोजून मगच पुढे जात असे आणि मध्येच बोलणाऱ्यांना दटावत असे. काही दिवस तो चांगला बसला, काही दिवस रडून परत गेला.

मी या सगळ्याचा अहवाल दिला. 'सदर विद्यार्थी परजिल्ह्यातील असल्याने मासिक प्रगतीत समाविष्ट करू नये,' असे उत्तर आले. हंगाम संपताना मी आराखड्याच्या मागे तिसरा कागद जोडला, त्यावर अक्षरांच्या ओळींची रीत आणि शाळेतील बैठकीची मापे लिहिली, पर्यायाच्या नव्या अर्जावर आईने स्वतः खूण केली आणि त्याची एक प्रत त्या शिक्षकांना पाठवली. त्यांनी ती गावच्या शाळेत दिली आहे. तिथे काय ठरले ते अजून त्यांनाही सांगण्यात आलेले नाही. पुढच्या हंगामात हे कुटुंब कोणत्या कारखान्याला जाईल हे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोणत्या मुकादमाची घेतली त्यावर ठरेल, आणि तिथल्या तालुक्यातील विशेष शिक्षकाचा क्रमांक आम्ही त्यानंतरच शोधू शकू.