गव्याच्या रानात, पण गव्यासाठी नाही

राधानगरी-दाजीपूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गवा उभा राहतो. मी निघालो होतो एका तपकिरी फुलपाखरासाठी. कॉमन इव्हिनिंग ब्राऊन. दिवसभर पाचोळ्यात पडून राहणार, दिवस कलला की उडणार. दिवाळीनंतर गेलो ते मुद्दाम. पावसाळा आणि कोरडा ऋतू, अशी याची दोन रूपं असतात, आणि या दिवसांत ती शेजारी-शेजारी दिसू शकतात.

कोल्हापूर सोडलं की उसाच्या फडांतून राधानगरी. धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे बंद होते, त्यामुळं तिथं रेंगाळलो नाही.

मुक्काम अभयारण्याबाहेर, भाताच्या खाचरांना लागून. या फुलपाखराला फुलांचं फारसं कौतुक नाही. सडकं फळ आणि झाडाचा पाझरणारा रस त्याला प्रिय. काळी पडलेली केळी गुळात कुस्करून आंबवली होती (गूळ अर्थात कोल्हापुरीच). दिवेलागणीला थाळी परड्यातल्या फणसाखाली ठेवली.

पहिलं आलं ते पावसाळी रूपातलं. मिटलेल्या पंखांवर बारीक लहरी आणि पिवळ्या कड्यांचे ठसठशीत डोळे. पक्ष्याची चोच डोक्याऐवजी पंखाच्या कडेवर पडावी, असा त्या डोळ्यांचा उपयोग सांगतात. मग दुसरं उतरलं आणि पाचोळ्यात दिसेनासंच झालं. डोळे जवळजवळ गायब, पंखांवर वाळक्या पानाची शीर. ते चालू लागलं तेव्हा सापडलं. चारच पायांवर! पुढची जोडी आखडलेली असते. अळी वाढताना हवा गरम की थंड, यावर यातलं कुठलं रूप मिळणार हे ठरतं.

घरमालक काका बॅटरी घेऊन आले. "पावनं, गवा सोडून ह्ये काय बघत बसलायसा?"

सकाळी त्यांच्याच गरव्या भातात अळी सापडली. अंग पातीसारखं हिरवं, डोक्यावर दोन शिंगं, शेपटाला दोन टोकं. काकांनी लगेच ओळखलं. "ही व्हय! ही तर दरसाल असतीया." पण तिचंच रात्रीचं फुलपाखरू होतं, हे काही त्यांना पटेना. मग गवताच्या पातीवर घातलेल्या गोल अंड्यापासून पानाखाली उलट्या लटकणाऱ्या हिरव्या कोषापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि ही भात किती खाती, एवढंच विचारलं. पातीच्या कडा कुरतडते, पीक बुडवत नाही, म्हटल्यावर अळी जागेवर राहिली.

उरलेली केळी त्यांच्या म्हशीनं थाळीसकट चाटून साफ केली.