पांढऱ्यावर उठलेले पांढरे डाग

यवतमाळच्या माझ्या दवाखान्यात दात पांढरे करून घ्यायला येणारी माणसे बहुतेक लग्नाच्या तोंडावरच येतात. केळापूर तालुक्यातल्या एका गावाहून आईबरोबर आलेली ती तेवीस वर्षांची मुलगीही तशीच आली होती. पाच दिवसांनी तिला बघायला पाहुणे येणार होते. बोलताना तिचा हात सारखा ओठांवर जात होता. समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे होते आणि मधल्या दोन दातांवर विटकरी डाग. हे चहाचे डाग नव्हेत, दात हिरडीच्या आत घडत असतानाच पाण्यातून गेलेल्या फ्लोराइडची ही खूण आहे, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५, असे भारतीय मानक सांगते. आमच्या भागातल्या कितीतरी बोअरचे पाणी ही मर्यादा ओलांडते.

महिनाभर लिंबू-मीठ चोळून झाले होते. आम्लाने इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, विरघळते आणि आतला डाग जागीच राहतो, हे मी रोज कुणाला तरी सांगते.

एका बैठकीत जमेल ते करू, असे मी कबूल केले. दातांची सफाई करून घेतली, ओले दात शेड गाइडच्या नमुन्यांशी उजेडात लावून पाहिले आणि ए-३.५, म्हणजे बरीच गडद छटा, अशी नोंद केली. यानंतरचे काम चिकाटीचे असते. ओठांना व्हॅसलिन लावून ओठ मागे धरणारा रिट्रॅक्टर बसवायचा, हिरडी हवेने पूर्ण कोरडी करायची आणि तिच्या कडेकडेने रेझिनची, म्हणजे दिव्याने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्याची, निळी पट्टी ओढून ती दिव्याने घट्ट करायची. ही पट्टी केसाएवढी जरी उचललेली राहिली, तरी दात उजळणाऱ्या जेलमधले ३५ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड खाली झिरपते आणि हिरडी भाजून पांढरीफटक पडते. म्हणून मी प्रत्येक दाताची कमान आरशात दोनदा तपासते आणि मगच जेल लावते. पंधरा मिनिटांनी ते ओढून घ्यायचे आणि पुन्हा ताजे लावायचे, असे तीन वेळा. जेल दात खरवडत नाही. त्यातला ऑक्सिजन इनॅमलमधून आत उतरतो आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतो. निळ्या दिव्याखाली बसवून तासाभरात हिऱ्यासारखे दात करून देण्याच्या जाहिराती आमचेच व्यवसायबंधू करतात. त्या दिव्याने अंतिम रंगात फारसा फरक पडत नाही हे त्यांनाही ठाऊक असते, याचे मला वाईट वाटते.

शेवटी शेड ए-१, म्हणजे बरीच फिकट, आली. विटकरी डाग फिकट झाले होते आणि मी मनापासून समाधानी होते. मुलीने आरसा घेतला, बराच वेळ पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, हे पांढरे पट्टे तर आणखीच चमकून राहिले.”

ती खरेच बोलत होती. फ्लोरोसिसच्या, म्हणजे फ्लोराइडने आलेल्या, पट्ट्यांखालचे इनॅमल सच्छिद्र असते. तासभर उघडे राहून दात सुकले की तिथे प्रकाश अधिकच विखुरतो आणि पट्टे उठून दिसतात. दात पुन्हा ओलावा धरतात तसे ते मावळू लागतात, पण खरा रंग स्थिरावायला दोन आठवडे लागतात. हे मी तिला आधी सांगितले होते, मात्र सुरुवातीच्या दहा सूचनांमध्ये, उरकल्यासारखे. पाच दिवसांवर कार्यक्रम असताना हीच एक गोष्ट तिला समोर बसवून सांगायला हवी होती, आणि त्यानंतरही ती हो म्हणते का ते पाहायला हवे होते.

मग मी पुढची काळजी समजावली. चोवीस तास दातांत कळ मारू शकते, त्यासाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट दिली. दोन दिवस चहा, हळद, तिखट रस्सा, बीट काहीच नको, असे सांगितल्यावर आई म्हणाली, “बिनहळदीचं मी हिला काय घालू जी?” दहीभात, दूध, केळी, ज्वारीची भाकर, असे मी एका कागदावर लिहून दिले. ब्रश मऊच वापरायचा आणि कोळशाची पावडर लावायची नाही, हेही लिहिले.

पाहुणे येऊन गेले. होकार आला नाही. दातांमुळे, असे कुणी म्हटले नाही आणि मीही विचारले नाही. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा पट्टे बरेच मावळले होते. उरलेल्या पट्ट्यांच्या छिद्रांत पातळ रेझिन झिरपवण्याचे काम मी त्या दिवशी केले. ते त्याआधी करता येत नाही, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. या वेळी तिने हात ओठांवर नेला नाही.

सोबत तिची वहिनी होती आणि वहिनीच्या मांडीवर दीड वर्षाचे बाळ. समोरच्या कायमच्या दातांचे इनॅमल पहिल्या चार-पाच वर्षांतच घडते, म्हणून मी विचारले, “हा पाणी कुठलं पितो?”

“बोअरचंच, मॅडम. फिल्टरची मशीन बसवली होती गावात, दोन वर्षांपासून बंदच हाये.”

त्या दिवशी मी मुलीच्या कागदावर दातांच्या सूचनांखाली बाळासाठी पाणी तपासून घ्या, असे लिहिले आणि ग्रामपंचायतीच्या नावाने एक पत्र माझ्या लेटरहेडवर लिहून वहिनीच्या हाती दिले. त्याला अजून उत्तर आलेले नाही. पुढच्या सोमवारी मी स्वतः त्या गावी जाणार आहे.