रंगवलेला रांजण

आमच्या योगशिक्षक वर्गात उन्हाळ्यातला सेवेचा तास म्हणजे पाणपोई. गणेशपेठ बसस्थानकाजवळ चार रांजण, दोन महिने. वर्गाला फी नाही. नागपुरात विनाशुल्क योग शिकवायची ही रीत योगाभ्यासी मंडळ स्थापणाऱ्या जनार्दनस्वामींपासूनची. त्यामुळे इथे सेवेवर बोलणारे पुष्कळ भेटतात, रांजण घासणारे कमी.

नवा रांजण दोन दिवस काठोकाठ भरून ठेवायचा आणि ते पाणी झाडांना घालायचं, नाहीतर मातीची चव उतरते. खाली चार बोटं ओली वाळू. भोवती ओलं गोणपाट, पण तोंडापासून वीतभर खाली, म्हणजे पोत्याची घाण आत जात नाही. रोज संध्याकाळी उरलेलं पाणी पार ओतायचं, आतून काथ्याने घासायचं आणि मग भरायचं. जुन्यावर नवं ओतत राहिलं की आत बुळबुळीत थर धरतो. साबण, भांड्याची पावडर बिलकूल नाही. मातीच्या छिद्रांत शिरते आणि पुढे कित्येक दिवस पाणी वास मारतं. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, पेला बुडवायचा नाही. या शेवटच्या नियमावर शिकलेलेच जास्त हुज्जत घालतात.

मेचा दुसरा आठवडा होता, पारा ४५ वर. दुपारी तिसऱ्या रांजणापाशी कोणी थांबेना. एका आजींनी त्यातला पेला अर्धा प्यायला, उरलेला जमिनीवर ओतला. "हे पानी तं गरम हाये न बापा. हात धुवाले ठेवलं का?"

हा रांजण आमच्या वर्गातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी दोन दिवस घरी नेला होता. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी स्वखर्चाने त्याला पिवळ्या ऑइल पेंटचे दोन हात दिले, वर लाल अक्षरांत वर्गाचं नाव आणि त्याखाली 'निष्काम सेवा'. स्वतःचं नाव कुठेच नाही. सकाळी मीच म्हणाले होते, "छान दिसतंय, काका."

रांजणाचं पाणी छिद्रांतून बाहेर झिरपतं, वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. नागपूरची मेची हवा कोरडी, म्हणून ते इथे इतकं जमतं. मुंबईच्या दमट हवेत तोच रांजण अर्धवटच गार करेल. पेंटने छिद्रं बुजली. मी गोणपाट वर करून हात फिरवला. बाजूचे तिघे ओलेगार, हा खडखडीत कोरडा. तळाशी जिथे ब्रश पोचला नव्हता, तेवढीच हातभर जागा दमट.

काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपण कर्म करावं. फळ आपल्या हातात कुठे असतं?"

या वाक्याचा मला वीट आलाय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक सगळे 'मा फलेषु'पर्यंतच म्हणतात. शेवटचा चरण, काम न करण्याची ओढ नको सांगणारा, गाळतात. आणि तीनच श्लोक पुढे 'योगः कर्मसु कौशलम्' आहे. पाणी गार होणं हे फळ नव्हे, ते कामच आहे. कोणी 'वा' म्हणणं, ते फळ. मी हे सगळं काकांना सांगितलंही, जरा चढ्या आवाजात, आणि मग आठवलं की तो 'वा' सकाळी माझ्याच तोंडून गेला होता. त्याच संध्याकाळी दोघा विद्यार्थ्यांनी उरलेले रांजण रंगवायची परवानगी मागितली. त्यांचं काय चुकलं?

पॉलिश पेपरने रंग घासून पाहिला. वरचा निघाला, छिद्रांत शिरलेला निघेना. शेवटी नवा रांजण आणला, दोन दिवस भरून ठेवला. पिवळ्यात आता फडे आणि काथ्या असतो.

संध्याकाळची घासणी काकांनी मागून घेतली आहे. खांद्यापर्यंत हात आत घालून तळ घासतात, बोट फिरवून बघतात, मग माझ्याकडे पाहतात. मी रांजणाला हात लावते आणि पुढच्याकडे जाते. सोळा दिवस झाले, अजून काही बोललेले नाही. जड जातं, पण मलाच.