पाठ केलेल्या कवितेचा धोका

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या गुप्त युद्धाचं नाव निघालं की गोष्ट पूल उडवण्यावर जाते. पण हेर शत्रूच्या मुलखात उतरल्यावर त्याचा जीव टांगलेला असायचा तो संदेशावर, आणि नेमकी हीच बाजू कच्ची होती.

१९३८-३९ मध्ये घातपात आणि गनिमी युद्धाच्या तयारीसाठी दोन छोट्या कचेऱ्या कामाला लागल्या. गुप्तहेर खात्यात लॉरेन्स ग्रँडचा सेक्शन डी आणि युद्ध खात्यात जो हॉलंडचा, पुढे एमआय(आर) झालेला विभाग. हॉलंड आणि त्याचा सहकारी कॉलिन गबिन्स या दोघांनीही आयर्लंडमध्ये गनिमी काव्याचा मार खाल्लेल्या सैन्यात नोकरी केली होती. जुलै १९४० मध्ये या कचेऱ्या एकत्र येऊन एसओई, म्हणजे शत्रूच्या मुलखात हेर उतरवून घातपात घडवणारी संस्था, उभी राहिली. बिनतारी यंत्रणा आणि संकेत मात्र १९४२ पर्यंत गुप्तहेर खात्याच्याच ताब्यात राहिले. कवितेच्या आधारे संदेश गुप्त करायची पद्धत तिथलीच.

हेराने एक कविता पाठ करायची. दर संदेशाला तिच्यातले पाच शब्द निवडून एका ओळीत लिहायचे. मग अक्षरांना वर्णानुक्रमे आकडे द्यायचे: आधी सगळे 'ए', मग 'बी', असं शेवटपर्यंत. ही झाली त्या संदेशाची किल्ली. त्या आकड्यांखाली मजकूर आडवा भरायचा आणि आकड्यांच्या क्रमाने उभा उतरवायचा. हे दोनदा. कोणते शब्द घेतले, ते सांगणारा अक्षरगट सोबत जायचा.

थंडीत, घाईत किल्लीच्या शब्दात स्पेलिंगची एक चूक झाली की पुढचे आकडे सरकायचे आणि लंडनमध्ये हाती नुसता अक्षरांचा ढीग. पुन्हा पाठवायला सांगावं, तर बिनतारी लहरींवरून ठिकाण हुडकणाऱ्या जर्मन दिशाशोधक गाड्या दारात. संदेश आखूड ठेवला तर फोडायला सोपा, म्हणून तो लांबवावा लागे. तिथेही धोका तोच. सर्वांत वाईट म्हणजे, कविता प्रसिद्ध असली तर शत्रूला ओळखता येई, नाहीतर छळ करून काढून घेता येई. मग जुने संदेशही उघडे.

१९४२ मध्ये एसओईत आलेल्या संकेततज्ज्ञ लिओ मार्क्सने हे बदलायचं लावून धरलं. न उलगडलेला संदेश पुन्हा मागायचा नाही, इथेच हजारो किल्ल्या लावून बघायच्या, असा त्याचा आग्रह होता. आणि कवितेऐवजी त्याने आणलं रेशीम: तयार किल्ल्या छापलेला तुकडा. एक किल्ली वापरली की तेवढी पट्टी कापून जाळायची. जी किल्ली पाठच नाही, ती छळूनही सांगता येत नाही. शिवाय झडतीत अस्तरावरून हात फिरला तर कागद कुरकुरतो, रेशीम नाही.