मनोरीच्या किनाऱ्यावर सहा वॅटचं रेडिओ स्टेशन

हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओ स्टेशनवर, मुंबईतल्या फ्लॅटमध्ये ७ किंवा १४ मेगाहर्ट्झ लावा, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) रिकामा असला तरी सिग्नलचा जोर दाखवणारा एस-मीटर सहा-सातवर चिकटलेला दिसतो. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, लिफ्टचा कंट्रोलर, राउटरचे अडॅप्टर, सगळे मिळून तो गोंगाट करतात. तोच रेडिओ, सहा वॅटचा यायसू एफटी-८१८, मनोरीच्या किनाऱ्यावर वस्तीपासून लांब उघडला, तर मीटर जेमतेम एक-दोनवर येतो. एस-मीटरचं एक घर म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे पाच घरांचा फरक ३० डेसिबलचा. १०० वॅटवरून ६ वॅटवर उतरल्याने समोरच्याकडे आपण फक्त १२ डेसिबलने खाली जातो. किनाऱ्यावर जायचं ते आधी ऐकण्यासाठी.

मालाड पश्चिमेहून बस किंवा रिक्षाने मार्वे जेट्टी, तिथून फेरीबोटीने खाडीपलीकडे मनोरी आणि पुढे रिक्षाने किनारा. मार्वेच्या बाजूला नौदलाचं आयएनएस हमला आहे. खाडी ओलांडेपर्यंत रेडिओ बॅगेतून काढायचाच नाही, हातातला छोटा वॉकी-टॉकीसुद्धा नाही. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जातानाच विचारून घ्या.

दिवस निवडायचा तो तिथी बघून. किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथेही चालतो: तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. षष्ठीला साडेचार. युरोपसाठी १४ मेगाहर्ट्झ दुपारी उशिरा ते संध्याकाळी चांगला चालतो, त्यामुळे षष्ठी-सप्तमी सोयीची. शिवाय अष्टमीजवळ भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते, पाणी उधाणासारखं अंगावर येत नाही. दीड-दोनपर्यंत पोहोचून अँटेना उभी केली की पाणी हळूहळू रेडिअलपर्यंत (अँटेनाच्या पायथ्यापासून जमिनीवर पसरलेल्या वायरींपर्यंत) येतं, आणि नेमकं तेच हवं असतं. खाऱ्या पाण्याची वाहकता कोरड्या जमिनीच्या हजारो पट, त्यामुळे उभ्या अँटेनाचा क्षितिजालगतचा किरण जमिनीत मुरत नाही. लांबचं स्टेशन गाठायचं तर तोच किरण उपयोगाचा. किनारा पश्चिमेला उघडा असल्याने वायव्येकडचा युरोप आणि नैर्ऋत्येकडचा आफ्रिका, दोन्हीकडे समोर पाणीच पाणी.

अँटेना साधी. उभ्या वायरची लांबी ७१.३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, म्हणजे १४.२ साठी साधारण ५.०२ मीटर. वायर ५.२ कापायची आणि टोक दुमडून जुळवायची. कापून टाकलेली परत जोडत बसायला किनाऱ्यावर सोल्डर नसतो. ५ मीटरचे चार रेडिअल, त्यातले दोन पाण्याच्या दिशेने. ओल्या वाळूवर त्यांची लांबी चार बोटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. खांबाला ६ मीटरची मासेमारीची काठी चालते, पण काचतंतूचीच. कार्बनची काठी वीज वाहते आणि सगळी जुळणी बिघडवते. वायर काठीला गुंडाळत नेऊ नका, सरळ सोडून तीन-चार ठिकाणी टेप लावा.

नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी यंत्रावर एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.४ च्या आसपास आला तर समाधान माना. चांगल्या जमिनीवर पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या घरात असतो, आणि रेडिओच्या ५० ओहमला ३६ ने भागलं की तेवढंच येतं. कोरड्या वाळूवर आकडा बरोबर १ दिसला तर खूश होण्यासारखं काही नाही. उरलेले १४ ओहम बहुधा वाळू तापवण्यात जात असतात. भरती चढताना आकडा सरकतो, म्हणून तासाभराने परत मोजा. कोॲक्स (अँटेनाची केबल) रेडिओत शिरतो तिथे ४३ मिश्रणाच्या फेराइट रिंगवर त्याचे नऊ-दहा फेरे घ्या, नाहीतर मायक्रोफोनला हात लावला की ट्रान्समिट अडखळतो.

तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पाऊण मीटरचा पीव्हीसी पाइप अर्ध्याहून जास्त पुरून त्यात काठी बसवा. ताणाच्या दोऱ्यांसाठी पिशव्यांत वाळू भरून त्या हातभर खोल गाडा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून पहिली दोरी पाण्याच्या बाजूला. वलांडीवर बोंबील वाळत असतील तिथून लांब राहा, आणि रेडिअलवर जागोजागी रंगीत चिंध्या बांधा.

बॅटरी ४ सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट, ६ अँपिअर-तासाची. ऐकताना अर्ध्या अँपिअरच्या आत, बोलताना सुमारे अडीच. वेळेचा पाचवा भाग बोलण्यात गेला तर तासाला एक अँपिअर-ताससुद्धा खर्च होत नाही, चार तासांनंतरही बॅटरीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग उरतो. वायरीत बॅटरीजवळच ४ अँपिअरचा फ्यूज हवा. एफटी-८१८ चं डीसी सॉकेट हा त्याचा खरा नाजूक भाग. वायरीला झटका बसला की पिन हलते, रेडिओ आतल्या बॅटरीवर जातो आणि पॉवर गपचूप २.५ वॅटवर येते. वायर पट्ट्याला एक वेढा देऊन मग पिन घाला. अँटेना लावूनही बँड मुका वाटला तर आधी मेनूत बघा: अँटेनाचं पुढचं सॉकेट की मागचं, हे बँडच्या प्रत्येक गटाला वेगळं ठरवता येतं.

सहा वॅटवर सीक्यू (‘कोणीही उत्तर द्या’ अशी हाक) ओरडत बसण्यापेक्षा बँड चाळा आणि जोरात येणाऱ्या स्टेशनला, त्याचं आधीचं बोलणं संपताच, उत्तर द्या. मोर्स येत असेल तर १४.०६० वर क्यूआरपीवाले, म्हणजे कमी वॅटवर चालवणारे, भेटतात, व्हॉइससाठी १४.२८५. एफटी-८ ही लॅपटॉपवरून चालणारी डिजिटल पद्धत करायची तर १४.०७४, पण लॅपटॉपचं घड्याळ सेकंदाच्या आत हवं. निघण्याआधी फोनच्या नेटवरून जुळवून घ्या. लॉग यूटीसीत, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा.

“दादा, ड्रोन उडवताय का?” हे कोणीतरी विचारणारच. परवान्याची लॅमिनेट केलेली प्रत बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि जवळच्या पोलीस चौकीत आधी सांगून या. घराबाहेरून स्टेशन चालवण्याबद्दल परवान्यात काय अट आहे, ती निघण्याआधी वाचा. जून ते सप्टेंबर हा बेत नकोच. मे महिन्यात दुपारी ढग भरून आले आणि रेडिओत कडकड वाढली की काठी लगेच आडवी करा.

आवरताना बीएनसीच्या (अँटेनाच्या पुढच्या सॉकेटच्या) खाचेत वाळूचा एखादा कण राहतोच. तो तसाच फिरवला तर खाच कायमची खरवडते. आधी कोरडा ब्रश, मग टोपी. वायर आणि रेडिअल घरी गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. रेडिओला पाणी दाखवायचं नाही, किंचित ओल्या फडक्याने पुसायचा आणि रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात बंद करायचा.