हळदीचा डाग उन्हात जातो

रविवार, रात्री साडेदहा

मार्च लागला की सांगलीत दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नाही, आणि अशा दिवसांत मी लोकर धुवायला काढली. शहाण्या माणसाचं काम नाही हे मान्य. पण मेंढरं कातरली की लोकर लगेच घ्यावी लागते आणि तशीच ठेवून दिली तर कसर लागते, गेल्या वर्षी एक पोतं माळ्यावर टाकलेलं ते दिवाळीत उघडलं तर आत निम्मा भुगा.

आज दोन किलो भिजवली. लोकर धुवायची म्हणजे घासायची नाही, हे कळायला मला सुरुवातीला एक अख्खं पोतं वाया घालवावं लागलं होतं. लोकरीच्या केसाला माशासारखे बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घासाघीस झाली की ते एकमेकांत अडकतात आणि सगळ्याचा नमदा होऊन बसतो, मग पिंजा नाहीतर डोकं आपटा. म्हणून गरम पाण्यात रिठे उकळलेलं पाणी घालायचं, लोकर नुसती दाबून बुडवायची, अर्ध्या तासानं अलगद उचलायची आणि परत तेवढ्याच गरम पाण्यात टाकायची, गरमातनं एकदम गारात टाकली की संपलं. चार पाणी झाली. पहिलं पाणी म्हणजे पावसाळ्यातली कृष्णा. माती, कुसळं, गोखरू, लेंड्या, सगळं. वाळल्यावर वजन केलं तर दीड किलोला थोडी कमीच भरली, म्हणजे अर्धा किलो रान मी एसटीनं घरी आणलं होतं.

गच्चीवर निम्म्या जागेत खालच्या काकूंच्या कुरडया होत्या. वारा माझ्याकडनं त्यांच्याकडं. काकू चौथ्या पाण्याला वर आल्या, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "काय ओ, मेंढरू मेलंय का काय वर?" मी म्हटलं नाही काकू, जिवंत आहे, नुसतं कापड काढून दिलंय त्यानं. त्या हसल्या नाहीत. मग अर्धा तास त्यांच्या तोंडाची टकळी आणि माझ्या हातातली टकळी दोन्ही चालू, फरक एवढाच की माझ्याकडं शेवटी सूत तरी निघालं.

मंगळवार

आज मार्केट यार्डात आवक जोरात. नवी हळद यायला लागली की आमच्या अडत दुकानात बसायला जागा नसते, मी हिशेबाच्या गादीवर बसून संध्याकाळपर्यंत इतका पिवळा होतो की रिक्षावाला विचारतो लग्न कुणाचं. मालक सौदे बघतो, मी पट्ट्या लिहितो. पोती उपसून झाली की खाली जी कणी आणि भुकटी उरते त्यातली किलोभर मी विचारून घेतो. हमालांना वाटतं घरी जेवणात घालतो.

विणायला कधी शिकलास असं कुणी विचारलं की मी सांगतो, कावीळ झाली तेव्हा. सहावीत होतो, महिनाभर घरी, तेल नाही तूप नाही, खेळायला बाहेर नाही. आई स्वेटर विणायची, तिनं कंटाळून माझ्या हातात दोन सुया आणि उरलेली लोकर दिली, म्हणाली गप बस आणि सुलट-सुलट कर. उलट टाका दुसऱ्या आठवड्यात शिकवला. शाळेत परत गेलो तेव्हा डोळे पांढरे झालेले आणि एक वाकडा मफलर तयार होता, तो मी वर्गात कुणाला दाखवला नाही आणि आजही ऑफिसात वगैरे कुणाला दाखवत नाही. गावभागातल्या घरात २०१९ च्या पुरात पाणी आलं तेव्हा आईची विणकामाची पेटी खाली राहिली. पोलादी सुया गंजून गेल्या, अॅल्युमिनियमच्या दोन तेवढ्या वाचल्या, आठ नंबरच्या. आता त्याच सुयांवर काम धरायचंय.

काम म्हणजे मामांची कानटोपी. मामा म्हणजे माझे कुणी लागत नाहीत, आटपाडीकडचे धनगर, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठाला येतात आणि ऊस तुटून गेलेल्या रानात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, टाकतात. शेतकरी मेंढरं बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, यांना धान्य नाहीतर पैसे. या वर्षी भिलवडीच्या अलीकडं आहेत. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा त्यांना रस्त्यानं चालता चालता चाती फिरवताना पाहिलं, एका बगलेत काठी आणि लोकरीचा पुंजका, नजर मेंढरांवर, आणि हात आपले आपण सूत काढतायत. मी मोटारसायकल थांबवली. मिशा असलेला माणूस उघड्यावर सूत काढतोय आणि कुणी हसत नाही हे मी पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या कॉलनीत मी खिडकीचा पडदा ओढून विणतो.

तेव्हाच ते म्हणाले होते, "मला एक कानटोपी कर गा. भंडाऱ्यागत पिवळी."

दोन वर्षं झाली. भिजत घोंगडं म्हणतात ते असं.

बुधवार, सकाळ

थोडं लोकरीबद्दल, कारण काल झोप आली. दख्खनी मेंढीची लोकर जाड, आखूड, राठ. दुकानात मेरिनो म्हणून जी मऊ लोकर मिळते तिचा धागा २० मायक्रॉनच्या आसपास असतो, ३० च्या वर गेलं की त्याचं टोक वाकत नाही, कातडीत रुततं, आणि आपण म्हणतो टोचतंय. दख्खनी त्याच्या बरीच वर. म्हणून हिची घोंगडी होतात, सांगर लोक खड्ड्याच्या मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ करतात, आणि आपले आजोबा घोंगड्याखाली चादर घेऊन झोपायचे. पण कळपातल्या सगळ्या मेंढ्या सारख्या नसतात आणि एका मेंढीच्या अंगावरची लोकरसुद्धा सारखी नसते, खांद्याची बरी, मांडीची अगदीच काथ्या. कोकराची पहिली कातरण, बाळलोकर, ती सगळ्यात मऊ. पट्टणकोडोलीला विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेत भंडारा, खारीक, खोबऱ्याबरोबर हीच बाळलोकर उधळतात. मामांनी मला गेल्या वेळी वेगळी बांधून दिली होती, पांढरी, ओंजळभरच. शिवाय काळ्यावर हळद काय, काहीच चढत नाही, त्यामुळं पांढरी मिळणं हीच मोठी गोष्ट.

पिंजायला माझ्याकडं धनुकली नाही, कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश आहेत. कुत्रं नाही. दुकानदारानं जात विचारली कुत्र्याची तेव्हा मी घाबरून पामेरियन म्हणालो.

सूतकताईला आजोबांची खादीची पितळी टकळी वापरून बघितली, ती कापसाला ठीक, लोकरीला फार हलकी, थांबून उलटी फिरते. मग सुताराकडनं खाली जड चकती बसवून घेतली. एक पदर उजवीकडं पीळ देऊन काढायचा, मग असे दोन पदर डावीकडं एकत्र पिळायचे, म्हणजे दोघांचा पीळ एकमेकाला धरून बसतो. नाहीतर विणलेलं सगळं एका बाजूला तिरकं जातं, माझी पहिली टोपी अशी होती की घातली की माणूस मान वाकडी करून बघतोय असं वाटायचं.

बुधवार, रात्री

रंगाचं आज. सगळं चुकलं आणि मग बरोबर आलं आणि मग बायकोनं एका वाक्यात परत चुकवलं.

तुरटी शंभर ग्रॅम लोकरीला दहा-बारा ग्रॅम, त्यात तासभर मंद आचेवर. उकळी येऊ द्यायची नाही, कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस कमी. हळदीला खरं तर तुरटीची गरज नाही, ती अशीच चिकटते, पण मी घातली. हळदीचं पाणी बोअरचं घेतलं कारण नळाला पाणी आलं नव्हतं. इथंच घोळ. बोअरचं पाणी क्षारांचं, सुताची लट बाहेर काढली तर पिवळी कुठली, विटकरीकडं झुकलेली नारिंगी. एक मिनिट काळीज बसलं. मग आठवलं, हळदीत चुना मिसळला की लाल होते, आपलं जुनं कुंकू तसंच करायचे की. क्षार लागला की लाल, आंबट लागलं की परत पिवळी. अर्धं लिंबू पिळलं पातेल्यात आणि बघता बघता रंग फिरला. भंडारा! अगदी तोच, डोळ्यात भरणारा. मी लेकीला हाक मारून दाखवलं, तिनं "बाबा केमिस्ट्री" एवढंच म्हणून परत मोबाईल.

मी लट खिडकीत अडकवली, ही आली, बघितलं, म्हणाली, "छान आलाय. पण अहो, तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावरचे हळदीचे डाग मी कसे घालवते?"

उन्हात टाकून.

वीस वर्षं झाली लग्नाला, आठवड्याला दोन सदरे हळदीचे, ती ओले करून दोरीवर टाकते आणि संध्याकाळपर्यंत डाग गायब. मी रोज ते बघतोय. आणि हळदीच्या पेठेत बसतो. आणि मी उन्हात मेंढरं राखणाऱ्या माणसासाठी हळदीत टोपी रंगवतोय.

शनिवार

तीन दिवस गच्चीवर परीक्षा चालू होती. दोन नमुने, एक हळदीचा, एक डाळिंबाच्या सालीचा. आटपाडीची डाळिंबं घरी येतात तेव्हापासनं साली साठवतोय मी, वाळवून डब्यात, घरात सगळ्यांनी नाव ठेवलंय. दोन्ही लटा निम्म्या पुठ्ठ्याखाली दाबून निम्म्या उन्हात. आज पुठ्ठा उचलला. हळदीची निम्मी लट जशीच्या तशी, बाकीची पातळ ताकासारखी, मधे पट्टीनं आखल्यागत रेघ. डाळिंबाच्या दोन्ही बाजूत फरक शोधावा लागला. पण तो रंग मोहरीसारखा, मळकट सोनेरी, चांगला आहे, टिकाऊ आहे, आणि भंडारा नाही. त्यात लोखंडाचं पाणी थोडं गेलं तर हिरवट करडा होतो, म्हणजे अजूनच लांब. दसऱ्याची तोरणं वाळवून ठेवलेली होती त्या झेंडूचा पण केला, तो जवळ येतो, पण त्याचा पिवळा गंभीर आहे, हळदीचा कसा वेडा असतो.

रात्रभर विचार केला की डाळिंबाची देऊ का. शेवटी टोपी हळदीच्याच लटीची पूर्ण केली, कडेला एक सुलट एक उलट दहा ओळी, कानाला लांब पट्ट्या, वरती गोंडा नाही, मामांच्या डोक्यावर गोंडा मला डोळ्यांसमोर येईना. दीड वाजता शेवटचा टाका.

रविवार

भिलवडीला गेलो. एसटी, कारण मोटारसायकल गॅरेजात. वाडा तिसऱ्या रानात गेला होता, विचारत विचारत पोचलो तर कुत्र्यांनी आधी ओळखलं. मामी चुलीपाशी, वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरं, मामा बाजेवर.

टोपी दिली. त्यांनी हातात घेतली, उलटी केली, आतले टाके बघितले. बाहेरचं कुणीही बघतं, आतलं बघणारा माणूस वेगळा. मग वास घेतला. मग पटका सोडून घातली, कानाच्या पट्ट्या ओढल्या. मामी म्हणाल्या, "नवरदेव झालं."

"टोचतंय का?"

"कुटं?"

मी सांगून टाकलं, मामा, उन्हात रंग उडणार, महिनाभर पण टिकायचा नाही, दुसरा टिकणारा होता पण तो असा भंडाऱ्यागत येत नाही. ते माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मी विचारलंय पाणी ओलं असतं का.

"मग परत बुडवून आन की. तुज्याच दुकानात हाय न्हवं हळद?"

आणि विषय संपला, ते मेंढरांकडं वळले. कळप बघितला तर निम्म्यावर माडग्याळी जातीची मेंढरं दिसली, नाकाड वाकलेलं, उंच, अंगावर लोकर नावालाच. मटणाला भाव आहे, लोकरीला नाही, कातरणाऱ्याला द्यायचे पैसे पण लोकरीतनं सुटत नाहीत, म्हणून आता हीच ठेवतोय म्हणाले. या वेळी जी कातरली त्यातली बरीचशी बांधावर टाकून दिली होती. मी बघितलं, खरंच बांधावर, काळ्या-पांढऱ्या गुठळ्या, त्यात कुसळं. तिथं उभा राहून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही नीट, म्हणून सोडतो.

काय करणार, पोतं मागितलं. मामांनी दोन दिली. मामींनी वर मूठभर बाळलोकर कागदात बांधून, "लेकीला कर कायतरी."

एसटीत कंडक्टरनं पोत्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, म्हणाला लगेजचं तिकीट पडंल, काय हाय आत? लोकर म्हटल्यावर त्यानं पोत्यात हात घातला, चोळून बघितली आणि म्हणाला आमच्या आजाचं घोंगडं अजून हाय घरात, कसर लागलीय त्याला काय करावं? मी म्हटलं कडुलिंबाचा पाला घाला, आणि मधनंमधनं उन्हात टाका. तिकीट फाडलंच त्यानं.

पोती सध्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं आहेत. काकूंनी उद्या पापडाचं पीठ भिजवलंय असं आत्ताच जिन्यात कळलं. बायकोला पोती दोन आहेत हे अजून सांगितलेलं नाही, एक सांगितलंय.