आमची वाटचाल : जुनं मशीन, नवी विंडोज

दुकान सुरू केलं २०१२ ला, लातुरात, गंज गोलाईजवळच्या एका गाळ्यात. बोर्डावर ‘सेल्स अँड सर्व्हिस’. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला, म्हणजे कंपनीचे अपडेट बंद झाले, तेव्हा वाटलं, आता सगळे नवे कॉम्प्युटर घेणार. शाळावाले आले, आडतीवाले काही आले नाहीत. त्यांचं एकच, ‘चालतंय की.’

मग दुष्काळ. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं गावाला. आडतीत मालच येईना, तिथं कॉम्प्युटर कोण घेतंय? विकायला आणलेली चार मशीनं खोक्यातच राहिली. भाडं निघालं ते जुन्याच्या दुरुस्तीवर. धंद्याची दिशा अशी ठरली, आम्ही काही ठरवली नव्हती.

एका आडत दुकानाचं काम मात्र अजून आठवतं. मदरबोर्ड जळालेला. हिशोबाचं सॉफ्टवेअर डॉसवरचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवरचं, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेतलं; लिहून देणारा पोरगा कधीच पुण्याला गेलेला. नव्या मशीनवर ६४ बिटची विंडोज १०, आणि तिच्यात असे जुने १६ बिटचे प्रोग्राम चालवणारा भागच नाही. मी नवं पॅकेज सुचवलं. साठीतले मुनीमजी चष्म्यावरून बघत म्हणाले, “भैया, माझी बोटं आता नवं शिकत नसतेत बगा.” त्यांची बोटं न बघता एफ-कीवर पडायची. त्यापुढं काय बोलणार? ३२ बिटच्या विंडोज १० मध्ये तो जुना भाग चालू करता येतो, तीच टाकली. चार जीबीच्या वरची रॅम वाया गेली, जाऊ दे.

खरी कसोटी पट्टीची. शेतकऱ्याची हिशोबपट्टी तीन प्रतींत, मध्ये कार्बन. म्हणजे पिना आपटून छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच हवा, लेझरमध्ये कागदावर आपटणारी पिनच नसते. प्रोग्रामला ‘एलपीटी १’ या जुन्या प्रिंटर पोर्टशिवाय काही माहीत नाही आणि नव्या मशीनला तो पोर्टच नाही. प्रिंटर यूएसबी केबलवर घेतला, ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर टाकला, शेअर केला आणि ‘नेट यूज’ या कमांडची एक ओळ लिहून एलपीटी १ त्याच्याकडे वळवला. छापलं, पण दुसरी पट्टी भलत्याच जागी सुरू. प्रिंटर अकरा इंचाचं पान धरून ६६ ओळी मोजत होता, पट्टी सहा इंचाची, ३६ ओळींची. कागदाचं माप दुरुस्त केलं. मुनीमजींनी तिसरी प्रत उजेडाला धरली, हमालीचा आकडा वाचला आणि चहा सांगितला.

पुढं त्याच दुकानात विंडोज ११ ची मशीनं आली. तिला ३२ बिटची आवृत्तीच नाही. मी घाईत डॉसबॉक्स, म्हणजे विंडोजमध्ये डॉस चालवणारा प्रोग्राम, टाकला, आणि ती चूक माझीच. तो बनलाय खेळांसाठी. दोघांनी एकाच वेळी एक फाइल उघडली तर रेकॉर्ड लॉक करण्याची, म्हणजे एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवण्याची, पक्की सोय नाही. तुरीच्या सीझनात, दोन मशीनवर, इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडला. रीइंडेक्स केलं तरी काही नोंदी गेल्याच. रात्री दोनपर्यंत कच्च्या वहीवरून पट्ट्या पुन्हा भरल्या. त्या कामाचे पैसे मागितले नाहीत, मागण्यासारखं तोंडही नव्हतं. नंतर व्हीडॉस बसवला, तो धंद्याच्या डॉस प्रोग्रामसाठीच आहे. तेव्हापासून बॅकअप घेतल्याशिवाय माउसला हात लावत नाही.

वजनकाट्याचं दुखणं वेगळं. काट्याची सिरीयल जोडणी यूएसबीत आणणारी कन्व्हर्टर केबल लावली की विंडोज तिला ‘कॉम ७’ हा पोर्ट नंबर देते, जुना प्रोग्राम कॉम १ आणि २ शिवाय बघत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर बदलला की काटा बोलायला लागतो. स्वस्त केबल मात्र मी आता ठेवतच नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही सपोर्ट संपला. फोन पुन्हा वाढलेत. ती खोक्यातली चार मशीनं कधीच सुट्या भागांसाठी खोलली गेली; त्यातल्या एकाचा पॅरलल पोर्ट, म्हणजे तोच जुना प्रिंटर पोर्ट, परवाच एका औशाच्या गिऱ्हाइकाच्या कामी आला.